पाण्याचे बिल: समान वाटणी की घरोघरी मीटर?

नवी मुंबईला मोरबे धरणाचे पाणी मिळते; पण नेरुळमधल्या एखाद्या सोसायटीच्या गच्चीवरील टाकीत पोहोचल्यावर ते सगळ्यांचे सामाईक होते. बिल सदनिकांच्या संख्येने भागले, तर हिशेब सोपा राहतो. मात्र ४० घरांच्या इमारतीत नळ सोडून गॅलरी धुणाऱ्याला त्या जादा पाण्याच्या खर्चाचा जेमतेम चाळिसावा हिस्सा सोसावा लागतो, उरलेला शेजारी भरतात. घरोघरी मीटर लावल्यास हा भार ज्याचा त्याच्यावर येतो. परंतु स्वयंपाकघर आणि न्हाणीघर यांना वेगवेगळे उभे पाइप असले, की एका घराला दोन-तीन मीटर लागतात. तरीही मला मीटरच पटतो. जिन्यातला दिवा मात्र समान वर्गणीतूनच जळावा, कारण एकाने उजेड वापरल्याने दुसऱ्याचा कमी होत नाही.