ब्रेडला चीर द्यायला ब्लेड की दातेरी सुरी?

ओव्हनमध्ये जाण्याआधी ब्रेडच्या गोळ्याला चीर द्यावीच लागते. नाही दिली तर आतली वाफ जिथं कवच कच्चं सापडेल तिथून वाट काढते आणि ब्रेड बुडाजवळ नाहीतर कडेला वेडावाकडा फाटतो.

माझ्याकडं दोन्ही आहेत: दाढीचं दुधारी ब्लेड आणि टोमॅटो चिरायची दातेरी सुरी. ब्लेड ३० ते ४५ अंशांत तिरकं धरून एका झटक्यात ओढलं की पातळ पापुद्रा सुटतो. भाजताना तो वर उचलला जातो आणि त्याची कड खरपूस, गडद तपकिरी होते. ती कड मोडून खाण्यासाठीच मी ब्लेडच्या बाजूची. पण हात थबकला की पीठ ब्लेडला चिकटून ओढलं जातं. कोल्हापूरच्या पावसाळ्यात, हवाच ओली असताना, हे हमखास होतं. म्हणून गोळा रात्रभर फ्रीजमध्ये ठेवून थंडगारच चिरते. ब्लेड नुसत्या बोटांत धरू नका, मधल्या फटीतून बारीक लाकडी काडी ओवून घ्या. धार बोथट वाटली की लगेच बदला.

सुरी हाताळायला सोपी. मिसळीसोबतच्या स्लाइससाठी साच्यात भाजलेला ब्रेड असेल, तर मधोमध अर्धा सेंटिमीटर खोल सरळ चीर पुरते, आणि ती सुरीनं छान जमते. सैल गोळ्यावर मात्र जोर दिलात तर फुगलेलं पीठ खाली बसतं. करवतीसारखी, पण अगदी हलक्या हातानं ओढा. बिनदातांची सुरी या कामाला घेऊच नका.