नव्या गॅस प्रोसेसिंग प्लांटसाठी घेतलेली पर्यावरण सल्लासेवा: पहिल्या वर्षानंतरचा अभिप्राय

आमच्या नव्या गॅस प्रोसेसिंग प्लांटच्या पर्यावरण व्यवस्थापनाचे काम आम्ही एका सल्लागार संस्थेकडे दिले होते. आराखड्याच्या टप्प्यापासून प्लांट सुरू होऊन वर्ष उलटेपर्यंत त्यांची माणसे आमच्यासोबत होती. अशी सेवा घेऊ पाहणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून हे लिहीत आहे.

या सेवेतली सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे ही मंडळी नकाशे बदलता येत होते तेव्हाच आली. गॅसमधले पाणी काढण्यासाठी वापरले जाणारे ग्लायकॉल पाण्याबरोबर बेंझीन आणि टोल्युईनही शोषून घेते, आणि ते पुन्हा वापरण्याजोगे करण्यासाठी तापवले की ही विषारी द्रव्ये वाफेसोबत बाहेर पडतात. आमच्या मूळ नकाशात ही वाफ सरळ हवेत सोडलेली होती. त्यांनी तिथे कंडेन्सर (वाफ थंड करून तिचे द्रव करणारे उपकरण) बसवून उरलेला वायू भट्टीत जाळण्याचा आग्रह धरला. गॅसच्या दाबावर चालणारे कंट्रोल व्हॉल्व्ह प्रत्येक हालचालीला थोडा थोडा मिथेन सोडतात, म्हणून तेही दाबाच्या हवेवर चालणारे घ्यायला लावले. पाइपांची ऑर्डर गेलेली नसल्यामुळे दोन्ही बदल फारशा खर्चाविना झाले. हेच पुढे करायचे ठरले असते, तर प्लांट बंद ठेवावा लागला असता.

गळती शोधण्याचे कामही उत्तम झाले. कॉम्प्रेसरजवळच्या एका व्हॉल्व्हपाशी डोळ्यांना काही दिसत नव्हते, आवाजही येत नव्हता. इन्फ्रारेड कॅमेऱ्याच्या पडद्यावर मात्र ग्लँडमधून, म्हणजे व्हॉल्व्हच्या दांड्याभोवतीच्या सीलमधून, धुरासारखा लोट उठताना स्पष्ट दिसला. त्यांच्या तंत्रज्ञाने तिथे टॅग बांधला, आमच्या ऑपरेटरने नट आवळला, पुन्हा कॅमेरा लावून लोट थांबल्याची खात्री केली आणि मगच ती नोंद बंद झाली. वीस वर्षांच्या काळात मिथेन त्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 80 पट उष्णता धरून ठेवतो, त्यामुळे दुरुस्तीनंतरची ही दुसरी तपासणी मला पहिलीइतकीच महत्त्वाची वाटते.

हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू आणि सांडपाणी यांबाबत तक्रारीला जागा नाही.

फ्लेअरच्या, म्हणजे नको असलेला वायू जाळून टाकणाऱ्या उंच चिमणीच्या, बाबतीत मात्र त्यांनी निराशा केली. फ्लेअरमध्ये 98 टक्के वायू जळतो असे अहवालात गृहीत धरले होते. धूर होऊ नये म्हणून ज्वालेत सोडल्या जाणाऱ्या पाण्याच्या वाफेचे प्रमाण जास्त झाले किंवा जोराच्या वाऱ्याने ज्वाला कलली, की ज्वलन अपुरे होते आणि न जळलेला मिथेन तसाच वर जातो. प्लांट सुरू करतानाच्या दिवसांत फ्लेअर सर्वाधिक पेटलेला होता, आणि नेमके तेव्हाच त्यात जाणाऱ्या वायूचे प्रमाण व उष्मांक कोणी मोजले नाहीत. विचारल्यावर ते करारात नसल्याचे उत्तर मिळाले. आवाजाची पूर्वनोंदही त्यांनी फक्त दिवसाच घेतली होती. आजूबाजूचे सारे शांत झाल्यावर कॉम्प्रेसरची घरघर किती दूर जाते, हे शेजारच्या वस्तीतून तक्रार आल्यावरच कळले, आणि सायलेन्सर मागाहून बसवावे लागले. लोकांची झोप आधी मोडली, मोजमाप नंतर झाले, याचे मला वाईट वाटते.

ही सेवा घ्यायची असेल तर फ्लेअरचे प्रत्यक्ष मोजमाप आणि रात्रीच्या आवाजाची नोंद या दोन गोष्टी करारात आधीच लिहून घ्याव्यात. गळतीच्या तपासणीसाठी आम्ही पुढच्या वर्षीही त्यांनाच ठेवले आहे. फ्लेअरचे काम दुसरीकडे दिले आहे.