एकच सर्व्हर, सिस्टमडी आणि कॅडी: काही महिन्यांच्या वापरानंतर

मांडणी अशी: ४ कोअर, ८ जीबी रॅमचं एकच व्हीपीएस (भाड्याचा व्हर्च्युअल सर्व्हर). पुढे कॅडी हा वेब सर्व्हर, मागे सिस्टमडी या लिनक्सच्या सर्व्हिस मॅनेजरखाली अ‍ॅपची एक बायनरी (थेट चालणारी तयार फाइल) आणि त्याच मशीनवर पोस्टग्रेस हा डेटाबेस. कंटेनर चालवणारी कुबरनेटीस, डॉकर ही साधनं नाहीत. छोट्या टीमला आणि दिवसाच्या काही लाख रिक्वेस्टना हे आरामात पुरतं.

डिप्लॉय (नवी आवृत्ती सर्व्हरवर चढवणं) म्हणजे पंचवीसेक ओळींची शेल स्क्रिप्ट. बिल्ड सीआयवरच (कोड आपोआप बिल्ड करणाऱ्या वेगळ्या यंत्रणेवर) करायचं. सर्व्हरवर केलं तर रॅम नेमकी तेव्हाच संपते आणि कर्नल पोस्टग्रेसचाच बळी घेतो. बायनरी आरसिंक या फाइल-कॉपीच्या साधनाने नव्या फोल्डरमध्ये जाते, ‘करंट’ ही सिमलिंक (चालू फोल्डरकडे बोट दाखवणारी लिंक) तिकडे वळते, सर्व्हिस रीस्टार्ट होते. हेल्थ चेक (अ‍ॅप नीट उत्तर देतंय का याची तपासणी) ३० सेकंदांत पास झाला नाही तर लिंक परत जुन्या फोल्डरवर. रीस्टार्टच्या वेळी लोकांना ५०२ (मागचं अ‍ॅप उत्तर देत नाही, ही एरर) दिसू नये म्हणून कॅडीत एलबी_ट्राय_ड्युरेशन १० सेकंद ठेवा; तेवढा वेळ तो रिक्वेस्ट धरून पुन्हा जोडणी करून बघतो. एचटीटीपीएसच्या सर्टिफिकेटांकडे तर बघावंच लागलं नाही; ती कॅडी स्वतःच सांभाळतो.

त्रास झाला तो डिफॉल्टांचा. सिस्टमडीत ‘रीस्टार्ट=ऑलवेज’ लिहिलं की सर्व्हिस कायम उठत राहील असं वाटतं. प्रत्यक्षात दोन प्रयत्नांत फक्त १०० मिलिसेकंदांचं अंतर असतं आणि १० सेकंदांत ५ वेळा सुरू करून झालं की सिस्टमडी हात टेकतो. पोस्टग्रेस उठायला जरा उशीर झाला, की पाचही प्रयत्न सेकंदा-दोन सेकंदांत वाया जातात आणि मग डेटाबेस चालू, अ‍ॅप बंद. ‘रीस्टार्टसेक=५’ केलं की ती मर्यादा गाठलीच जात नाही.

मायग्रेशनचं (डेटाबेसची रचना बदलण्याचं) दुखणं वेगळं. एखादी लांबलेली क्वेरी टेबल धरून बसली असेल तर ‘ऑल्टर टेबल’ तिच्यामागे थांबतं, आणि त्याच्यामागे साध्या सिलेक्टांचीही रांग लागते. साइट बंद, सीपीयू मात्र निवांत! मायग्रेशनच्या सेशनमध्ये लॉक_टाइमआउट ३ सेकंद द्या. नाही जमलं तर थोड्या वेळाने परत चालवा. इंडेक्स ‘कन्करंटली’च बनवायचा, म्हणजे टेबलात लिहिणं अडत नाही. कॉलम काढायचा असेल तर पुढच्या रिलीजमध्ये, नाहीतर तो कॉलम वापरणारी मागची बायनरी परत आणता येत नाही.

डिस्कवर ८० टक्क्यांचा अलर्ट हवाच. विशेषतः कधीतरी रेप्लिका (डेटाबेसची दुसरीकडे चालणारी प्रत) जोडून काढून टाकली असेल तर तिचा रेप्लिकेशन स्लॉट (ती कुठवर पोचली याची नोंद) मागे राहिलाय का बघा. तो डिफॉल्टनुसार वॉल फायली (डेटाबेसमधल्या बदलांच्या नोंदी) पुसूच देत नाही. डिस्क भरली की पोस्टग्रेस बंद.

बॅकअप रोज रात्री पीजी_डंप या पोस्टग्रेसच्या साधनाने, दुसऱ्या कंपनीच्या स्टोरेजवर, आणि आठवड्याला एकदा रिकाम्या मशीनवर रीस्टोर करून बघायचा. दिवसभराचा डेटा गमावणं परवडत नसेल तर वॉल आर्काइव्हिंग (वॉल फायली सतत दुसरीकडे साठवणं) लावा.

मशीनच गेलं तर नवं उभं करून रीस्टोर करायला तास सहज जातो. ग्राहकाशी ९९.९५ टक्क्यांचा करार, म्हणजे महिन्याला जेमतेम २२ मिनिटांची सूट असेल, तर दुसरा सर्व्हर आधीच घ्यावा लागेल.