किचनच्या कपाटांना सुएड लॅमिनेट लावलं, वर्ष झालं, आता खरं काय ते सांगते

आधी निकाल सांगते, मग पाल्हाळ. खालच्या कपाटांना राखाडीकडे झुकणारा बेज, वरच्यांना आयव्हरी, दोन्ही १ एमएमचं सुएड फिनिशचं (बिनचमकीचं, किंचित खरखरीत) लॅमिनेट, म्हणजे प्लायवर चिकटवायची रंगीत शीट, आत १८ एमएमचा बीडब्ल्यूपी, म्हणजे पाण्याला टिकणारा, प्लाय. पाचपैकी सव्वाचार. पाऊण मार्क जो कापलाय तो रंगाचा नाही, हँडलचा आहे, ते खाली येईलच.

आमचं किचन पुण्यातल्या जुन्या सोसायटीतलं, छोटंसं, खिडकी ड्राय बाल्कनीत उघडते त्यामुळे दुपारनंतर ट्यूब लावल्याशिवाय डब्यावरचं नाव वाचता येत नाही. दोन वेळा फोडणी, रोज कुकर, उन्हाळ्यात टँकरचं पाणी. हे सगळं मुद्दाम लिहितेय कारण फिनिश निवडताना हेच बघायचं असतं आणि शोरूमवाले नेमकं हेच विचारत नाहीत. आम्ही ज्या मोठ्या मॉड्युलर किचनवाल्याकडे गेलो (नाव घेत नाही) तिथे पहिला प्रश्न बजेट किती आणि दुसरा प्रश्न "मॅडम, ग्लॉसी आवडतं ना?" वाइन रेड अ‍ॅक्रिलिक (चकचकीत प्लास्टिकची शीट), वरून झगझगीत लाइट, तोंड दिसेल इतकं चकचकीत. कोटेशनमध्ये वर मोठ्या अक्षरात प्लाय लिहिलेलं आणि खाली बारीक अक्षरात शटर, म्हणजे कपाटाचं दार, एमडीएफचं (लाकडाचे तंतू दाबून केलेला बोर्ड). एमडीएफ वाईट असं नाही हां, अ‍ॅक्रिलिकला आणि पीयूला (पॉलियुरेथेनचा रंग) एकदम सपाट बोर्ड लागतो म्हणून तिथे एमडीएफ नाहीतर एचडीएचएमआर (त्याहून घट्ट, ओलावा सोसणारा बोर्ड) वापरतातच, पण मग तसं सांगा ना तोंडाने.

अ‍ॅक्रिलिक दिसायला एक नंबर यात वादच नाही. पण त्याच्यावर बारीक चरे पडतात, आणि आमच्याकडच्या मावशी स्टीलच्या घासणीशिवाय कशालाच हात लावत नाहीत, गडद रंगावर तर ते चरे लाइट लावला की जाळं पसरल्यासारखे दिसतात. थिनर किंवा स्पिरिट चुकून लागलं तर पृष्ठभाग धुरकट होतो तो वेगळाच. माझ्या जावेकडे अ‍ॅक्रिलिक आहे आणि मस्त राहिलंय, पण तिच्याकडे स्वयंपाक दिवसातून एकदा आणि पुसायला मायक्रोफायबरचा कपडा. आपापलं बघायचं.

मेंब्रेनला मी सरळ नाही म्हटलं. एमडीएफवर डिझाइन कोरून त्यावर पीव्हीसीची फॉइल गरम करून व्हॅक्यूमने बसवतात, त्या नक्षीच्या दरवाजांना. नणंदेच्या डोंबिवलीच्या घरी ओव्हनशेजारच्या शटरची फॉइल कडेने सुटली, आधी नखाएवढी, मग मुलांनी ओढून ओढून वीतभर केली. फॉइलला उष्णता सोसत नाही, आणि आपल्या किचनमध्ये उष्णतेला तोटा नाही. पीयू पेंट मात्र मनात होता, रंग हवा तो मिळतो, जोड कुठे दिसत नाही. पण त्याचे थरावर थर, मध्ये पॉलिश पेपर, आणि धूळ नसलेली खोली लागते, म्हणजे घरी मिस्त्रीकडून करून घेण्यातलं काम नव्हेच. शिवाय मॅट पीयू सारखा पुसून पुसून हात लागतो तिथेच चकाकायला लागतो, आणि कोपऱ्याचा टवका उडाला की तोच शेड पुन्हा जुळवणं म्हणजे कटकट.

मग भवानी पेठेत टिंबर मार्केटला गेलो. हा रिव्ह्यू खरं तर तिथल्या दुकानाचाच म्हणायला हवा. काउंटरवरच्या काकांनी कॅटलॉग उघडायच्या आधी विचारलं, "ताई, खिडकी कुठल्या दिशेला? आणि किचनमधला लाइट पिवळा की पांढरा?" तिथेच काकांनी मला जिंकलं. सुएड म्हणजे मखमल बिखमल काही नाही, लॅमिनेट प्रेस करताना वरची प्लेट ज्या पोताची तो पोत उमटतो, एवढंच. हाताला किंचित खरखर लागते, बोटांचे ठसे दिसत नाहीत. काकांनी हातभर लांबीचे तुकडे डिपॉझिट घेऊन घरी न्यायला दिले आणि म्हणाले, आडवे ठेवून बघू नका, कपाट जिथे येणार तिथे उभे टेकवून बघा. या एका वाक्यासाठी दुकानाला पाचपैकी पाच. कॅटलॉगमधला बिस्किटाएवढा तुकडा हातात आडवा धरला की रंग उजळ दिसतो, तोच ओट्याखाली सावलीत उभा केला की दोन शेड गडद. जो "वॉर्म ग्रे" दुकानात मला इतका आवडला होता तो आमच्या पांढऱ्या ट्यूबखाली चक्क जांभळट दिसला. सासूबाई म्हणाल्या, "हा तर शिळ्या नाचणीच्या आंबिलीचा रंग." बाद.

नंतर जी परीक्षा घेतली ती मी सगळ्यांना सांगत सुटलेय. तेलात हळद आणि लाल तिखट कालवून प्रत्येक तुकड्यावर चमचाभर लावलं, रात्रभर ठेवलं, सकाळी भांड्यांच्या लिक्विडच्या कोमट पाण्याने पुसलं. चकचकीत पांढऱ्यावरून सगळं निघालं. पांढऱ्या सुएडवर तिखट गेलं पण पोताच्या खाचेत हळदीची पिवळट झाक राहिली, जी तो तुकडा बाल्कनीत उन्हात ठेवल्यावर उतरली, शर्टावरचा डाग उतरतो तशीच. आता किचनचं शटर काढून कोण उन्हात ठेवणार. काळपट चारकोलवर हळद दिसलीच नाही, पण पाण्याचे थेंब वाळून पांढरे ठिपके पडले आणि पीठ सांडलं की लगेच दिसायला लागलं. बेजवर दोन्ही दिसलं नाही. रंगाचा निर्णय असा झाला, पिंटरेस्टवरचा सेज ग्रीन आणि नेव्ही ब्लू राहिले बाजूला (मुलीचं तोंड दोन दिवस फुगलेलं होतं). वर आयव्हरी घेतला कारण किचन अंधारं, वरचा भाग उजळ असला की छत उंच वाटतं, आणि वरच्या कपाटांना खरकटे हात कमी लागतात.

शीट घेताना मात्र घाई करू नका. ८ बाय ४ ची शीट असते, सगळ्या एकदम घ्या, एक जास्तीची घ्या, कारण नंतर त्याच कोडची मागवली तरी लॉट बदलला की शेड किंचित बदलू शकतो आणि शेजारी शेजारी लावलं की डोळ्यात खुपतं. कोड नंबर आतल्या दाराला मार्करने लिहून ठेवा. लाकडी रेघांचं डिझाइन घेणार असाल तर रेघा उभ्या की आडव्या हे मिस्त्रीला आधी सांगा, ड्रॉवरवरून रेघ सलग न्यायची तर शीट वाया जाते आणि तो भुर्दंड आपल्याला. एज बँड (कडेला चिकटवायची पट्टी) त्याच रंगाचा मागा, नाहीतर लॅमिनेटच्या कडेला आतल्या कागदाची तपकिरी रेघ दिसत राहते, फिक्या रंगावर जास्तच. आमच्या मिस्त्रीने सिंकखालच्या शटरला तळाच्या कडेलाही एज बँड लावला, मी न सांगता. बरेच जण ती कड उघडी सोडतात, दिसत नाही म्हणून, आणि पाणी नेमकं तिथूनच आत शिरतं. आतून पांढरट लायनर (आतल्या बाजूचं पातळ लॅमिनेट) लावून घ्या, झुरळ दिसायला हवं.

आता वर्षानंतर. गॅसखालच्या ड्रॉवरवर तेलाचा ओघळ येतोच, पण कोमट साबणपाण्याने आणि मऊ ब्रशने निघतो. नुसत्या कपड्याने नाही निघत, सुएडच्या पोतात तेलकट धूळ बसते, हा त्याचा खरा दोष आणि कुठलाही दुकानदार तो आपणहून सांगत नाही. कुकर चुकून वरच्या कपाटाखाली ठेवला जातो, शिट्टीची वाफ थेट खालच्या कडेला लागते, तिथे अजून तरी फुगलेलं नाही. रंग उडालेला नाही.

हँडल. आम्ही हँडलऐवजी शटरच्या वरच्या कडेला अ‍ॅल्युमिनियमची जी प्रोफाइल (खाचेची पट्टी) घेतली, बोट घालून ओढायची ती. फोटोत देखणी. पण कणीक मळता मळता डबा काढायला ड्रॉवर उघडला की कणीक त्या खाचेत जाऊन बसते, वाळते, आणि मग जुना टूथब्रश घेऊन कोरत बसा. ओट्याखालच्या पहिल्या रांगेला तरी साधं गोल कडांचं स्टीलचं हँडल लावा. आम्ही आता तीन ड्रॉवरना बदलून घेतोय, प्रोफाइल काढल्यावर वर जी पट्टी उघडी पडते तिला ती जास्तीची ठेवलेली शीट कामाला आली.

त्या दुकानात जायचं तर सकाळी लवकर जा, नंतर टेम्पो लागले की गाडी लावायला जागा नाही. आणि डिपॉझिटची पावती मागून घ्या, काका देतात, पण मागितल्यावरच.