ताण ओळखणारं कापड नी-कॅपवर: काही महिन्यांच्या वापरानंतर

बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर टाच सरकवत गुडघा वाकवायचा व्यायाम सुरू झाला. तो रोज पुरेसा होतोय का हे कळावं, म्हणून साध्या नी-कॅपवर चांदीचा मुलामा असलेल्या नायलॉन-स्पॅन्डेक्स होजिअरी कापडाची पट्टी लावली. पावसाळ्यात सुरुवात केली, आता उन्हाळा आलाय. पट्टी अजून काम करतेय.

कापड ताणलं की विणीतले फास एकमेकांना टेकतात ती जागा बदलते आणि विजेला होणारा रोध बदलतो. पट्टीसोबत तिच्या रोधाच्या जवळपासचा रेझिस्टर जोडायचा आणि दोघांच्या मधला व्होल्टेज अर्डुइनोने (प्रोग्रॅम करता येणाऱ्या छोट्या सर्किट बोर्डने) वाचायचा, एवढंच सर्किट. खरी मेहनत शिवणात आहे. सरळ टाका घातला तर पहिल्याच ताणात दोरा तुटतो. आमच्या गल्लीतल्या फॉल-पिकोवाल्या काकूंनी झिगझॅग टाका घालून दिला, तो आजवर उसवलेला नाही. वायर थेट सोल्डर करू नका, नायलॉन वितळतं. दोन्ही टोकांना धातूची टिचबटणं लावा. नी-कॅप धुताना वायरही काढता येते.

गुडघा किती वेळा वाकवला, हे पट्टी चोख सांगते. बाबा आता स्वतःच मोबाइलवर आकडा बघतात आणि राहिलेले पूर्ण करतात. माझ्यासाठी एवढ्यानेच पैसे वसूल. पण किती अंशांत वाकला, हे तिला विचारू नका. वाकवताना 60 अंशांवर येणारा आकडा पाय सरळ करताना त्याच 60 वर येत नाही; कापड मागे येताना रेंगाळतं. गुडघा वाकवून तसाच धरला तरी आकडा हळूहळू सरकत राहतो. नी-कॅप बोटभर वर चढली की सगळं पुन्हा जुळवायचं. कोन मोजायला फिजिओथेरपिस्टकडचा गोनिओमीटरच हवा.

घामाने पट्टी पैंजणासारखी काळवंडली आणि रोध वाढला. दुकानदाराने धुण्याबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं, याचा मला राग आहे. ब्लीच आणि फॅब्रिक सॉफ्टनर टाळा. गार पाण्यात हाताने धुवा, पिळू नका, सावलीत वाळवा.

असं कापड पाय उचलूनही देईल का, असं मला बरेच जण विचारतात. घरात तरी नाही. निटिनॉलची (निकेल-टायटॅनियमच्या मिश्रधातूची) तार वीज दिल्यावर तापून साधारण 4 टक्के आखडते, पण अंगाला लागली तर भाजते आणि सैल व्हायला वेळ घेते. 2017 मध्ये स्वीडनच्या लिनशॉपिंग आणि बुरोस इथल्या संशोधकांनी सेल्युलोजच्या धाग्यावर पॉलिपायरोल या वीज वाहणाऱ्या प्लास्टिकचा थर देऊन कापडी स्नायू केले. मागावर विणल्यावर जोर वाढला, होजिअरीसारखं विणल्यावर आखडण्याची लांबी वाढली. मला हे काम फार मोलाचं वाटतं, कारण त्यात साधं यंत्रमागाचं तंत्र वापरलंय. मात्र ते स्नायू क्षारयुक्त द्रावात बुडवलेले असताना चालत होते आणि हालचाल संथ होती. म्हातारा पाय उचलायला त्यावर विसंबता येणार नाही.

घेणार असाल तर दुकानात रोध मोजणारा मल्टिमीटर घेऊन जा. तुकडा उभा आणि आडवा, दोन्हीकडून ताणून बघा. ज्या दिशेला आकडा जास्त हलतो आणि सोडल्यावर लवकर मागे येतो, त्या दिशेने पट्टी कापा.