दोन बाय चार फुटांतली आगगाडी: काटोचे युनिट्रॅक रूळ

पुण्यात कोथरूडचे जोशी लघुरेल्वे संग्रहालय पाहून बाहेर पडणाऱ्या अनेकांना आपल्या घरीही असे काही उभारावे असे वाटते; पण नोकरी, घर आणि मुलांच्या परीक्षांच्या रेट्यात ती हौस एका दिवाळीवरून पुढच्या दिवाळीवर ढकलली जाते. अशांनी जपानच्या काटो कंपनीच्या एन गेज युनिट्रॅक रुळांचा विचार जरूर करावा, कारण या रुळांचा मोठा गुण देखणेपणात नसून, काम अर्ध्यावर सोडून बिनघोर उठता येते यात आहे.

एन गेजमध्ये दोन रुळांतील अंतर 9 मिलिमीटर असते. युनिट्रॅकमध्ये धातूचे रूळ, स्लीपर आणि खडीचा प्लॅस्टिकचा भराव असा एकसंध तुकडा मिळतो. टोकाच्या युनिजॉइनर या जोडणीच्या भागामुळे दोन तुकडे समोरासमोर धरून दाबले की घट्ट बसतात आणि वीजही त्याच जोडातून पुढे जाते. खिळे नकोत, सोल्डरिंग नको. जोडाची पकड सैल झाल्यास तेवढा युनिजॉइनर बदलता येतो. रात्री जेवणाच्या टेबलावर मांडलेला मार्ग सकाळी डबे भरण्यापूर्वी खोक्यात परत जाऊ शकतो, ही सोय घरातल्या शांततेसाठी फार मोलाची आहे.

कायमची फळी करायची असल्यास मोजमाप आधी करावे. 249 मिलिमीटर त्रिज्येचे 45 अंशांचे आठ तुकडे वर्तुळ पूर्ण करतात आणि भरावासह त्याला सुमारे 525 मिलिमीटर जागा लागते. त्यामुळे दोन फूट रुंदीच्या प्लायवूडवर दोन्ही कडांना चार-चार सेंटिमीटर उरतात. 282 त्रिज्या घेतली तर कडेला जेमतेम एक सेंटिमीटर राहतो, म्हणजे घसरलेले इंजिन थेट फरशीवर! 315 त्रिज्या तर तेवढ्या रुंदीत मावतच नाही. म्हणून लहान फळीवर 249 हीच त्रिज्या योग्य वाटते. मात्र तिच्यावर लांब डबे बेढब दिसतात, तेव्हा लहान इंजिन आणि मालगाडीच्या चारचाकी वाघिणी घ्याव्यात.

सांध्यांची, म्हणजे गाडी एका मार्गिकेवरून दुसरीवर वळवणाऱ्या रुळांची, मोटार भरावातच दडवलेली असते. सांधा ज्या मार्गिकेकडे वळवला असेल तिलाच वीज मिळेल अशी रचना असल्याने, 12 व्होल्टच्या साध्या डीसी नियंत्रकावरही दुसरे इंजिन बाजूच्या मार्गिकेत स्वस्थ उभे ठेवता येते. संध्याकाळच्या अर्ध्या तासात शंटिंगची, म्हणजे डबे जोडण्या-सोडण्याची, मजा घेणाऱ्याला आणखी काय हवे?

मर्यादाही आहेत. वळणे ठरावीक मापांचीच मिळतात आणि एकसुरी करडी खडी खेळण्यातली वाटते. हुबेहूब भारतीय ब्रॉडगेज हवे असेल तर निराशा होईल, कारण 1676 मिलिमीटरचा आपला मार्ग एन गेजच्या 1:160 प्रमाणात 9 नव्हे, साडेदहा मिलिमीटर भरतो. जपानमधून थेट नियंत्रक मागवताना अ‍ॅडॅप्टरवरील मजकूर वाचावा. तिथला घरगुती वीजपुरवठा 100 व्होल्टचा आहे, आपला 230. आयातशुल्कामुळे किंमत चढते, तेव्हा पहिल्या खरेदीत वर्तुळ, चार सरळ तुकडे, वीजजोडणीचा एक तुकडा आणि नियंत्रक एवढेच घ्यावे. डावा सांधा हवा की उजवा, हे रूळ प्रत्यक्ष फळीवर मांडून पाहिल्याशिवाय ठरत नाही.