बुकशेल्फ स्पीकरला स्टँड हवाच का?

बुकशेल्फ, म्हणजे फळीवर मावणारा छोटा स्पीकर शोकेसमधून काढून लोखंडी स्टँडवर ठेवला की आवाज सुधारतो, आणि चांगलाच सुधारतो. पण ही किमया लोखंडाची कमी, जागेची जास्त. कप्प्यात ठेवलेल्या स्पीकरचे खालचे सूर आजूबाजूच्या फळ्या आणि मागची भिंत फुगवतात. निवेदकाचा आवाज घागरीतून आल्यासारखा वाटतो, डग्ग्याची घुमक नुसती ‘धब्’ होते, वर काचाही थरथरतात. तोच स्पीकर भिंतीपासून ४०-६० सेंमी पुढे आला की डग्गा आणि तबल्याची चाट वेगवेगळे ऐकू येतात. पोर्ट (बॉक्सचे हवेसाठीचे भोक) मागच्या बाजूला असेल तर फरक आणखी ठळक. खर्च करण्याआधी स्पीकर स्टँडच्याच उंचीच्या स्टुलांवर ठेवून दोन दिवस ऐकावे.

उंची चुकली तर सगळे वाया. सोफ्यावर बसलेल्याचे कान साधारण ९५ सेंमीवर येतात आणि ट्वीटर (वरचे सूर वाजवणारा छोटा भाग) त्याच रेषेत हवा. ३० सेंमीच्या बॉक्समध्ये तो तळापासून २४-२५ सेंमीवर असतो, म्हणजे स्टँड ७० सेंमीचा. बाजारात तयार मिळणारे बरेचसे ६० सेंमीचे असतात. खाली गादीची बैठक असेल तर ५० पुरे.

म्हणून नागपुरात फॅब्रिकेशनवाल्याकडून मापाने बनवून घेणेच बरे. ७५ मिमीचा चौकोनी एमएस (माइल्ड स्टील) पाइप, जाडी २ मिमी. खाली ३०० बाय ३०० मिमीची, ६ मिमी जाड प्लेट. वरची प्लेट स्पीकरच्या तळापेक्षा किंचित लहान. पाइप दोन तृतीयांश रेतीने भरला की एक स्टँड १२ किलोच्या आसपास जातो. कन्हानची रेती चालते, पण चाळून, धुऊन, उन्हात कडक वाळवलेली. ओलसर राहिली तर पाइप आतून गंजतो, म्हणून हे काम पावसाळ्यात नकोच.

वेल्डिंगच्या उष्णतेने खालची प्लेट हमखास वाकते आणि स्टँड डुलतो. चार कोपऱ्यांना एम८ (८ मिमी) नट जोडून बोल्ट खालीवर करता येतील असे करून घ्या. टाइल्सवर टोकदार स्पाइक नकोत, रबरी बूच लावा. स्पीकरखाली चार कोपऱ्यांना ब्लू-टॅकच्या (मळता येणाऱ्या चिकट पुटीच्या) वाटाण्याएवढ्या गोळ्या पुरतात. कूलरची दमट हवा लागणार असेल तर रंगाआधी रेड ऑक्साइडचा गंजरोधक हात मारायला सांगाच.

खोली लहान असून स्पीकर भिंतीलाच टेकवावे लागणार असतील, तर स्टँडवर पैसे घालू नका. पोर्टमध्ये फोमचा बोळा घाला, फुगलेला बास बराच आवरतो.